फ्लोरा बीटन यांच्या परवानगीने

आमच्या लोअर क्रेगनमध्ये आडनावाचा कुणाला काही उपयोग नाही. गावात माणसं तीनशे, त्यात एकशे दहा मॅकडॉनल्ड, सत्तर बीटन आणि उरलेले या दोघांत लग्न करून बसलेले. टोपणनाव नसेल तर साधं पत्रसुद्धा घरी येत नाही. मी ह्यूई मॅकडॉनल्ड. नळाची कामं करतो म्हणून ह्यूई पाइप. उन्हाळ्यात कॅनडातल्या आमच्या सगळ्या केप ब्रेटन बेटावर पाहुणे हिंडत असतात. त्यांना वाटतं हा म्हातारा बॅगपाइप वाजवत असणार. रस्त्यात अडवून म्हणतात, जरा वाजवून दाखवा ना. चाळीस वर्षांत मला या विनोदावर एकदाही हसू आलेलं नाही.

फ्लोरा बीटनला आम्ही फ्लोरा परवानगी म्हणतो. आमच्या पक्षाच्या स्थानिक मंडळाची ती बावीस वर्षं खजिनदार आहे आणि निवडणूक लागली की उमेदवाराची अधिकृत प्रतिनिधीही तीच. प्रचाराच्या प्रत्येक पाटीवर, पत्रकावर, अगदी खिशाला लावायच्या बिल्ल्यावरसुद्धा तळाशी एक ओळ असावी लागते: ‘अधिकृत प्रतिनिधी फ्लोरा बीटन यांच्या परवानगीने’. उमेदवार आले, पडले, एक तर व्हँकूवरला पळून गेला, पण तळाची ओळ कधी बदलली नाही. गावातल्या लहान पोरांना बरीच वर्षं असं वाटायचं, की देशात निवडणूक होते ती हिच्या परवानगीने.

बाई पाच फुटाच्या आत, पाठ ताठ, अंगात तपकिरी स्वेटर आणि स्वेटरच्या खिशात निवडणूक खर्चाची नियमपुस्तिका. त्या खिशाने आता पुस्तकाचाच आकार घेतला आहे. पुस्तक काढलं तरी खिसा चौकोनी राहतो. आधी ती शाळेच्या कचेरीत होती. तिथे मुख्याध्यापकांनासुद्धा खडू लेखी मागावा लागायचा.

नियम असा आहे, की निवडणूक जाहीर झाली की मंडळाने हात बांधून बसायचं. प्रचारावर मंडळाने एक सेंटसुद्धा खर्च करायचा नाही. जो काही खर्च करायचा तो उमेदवाराच्या प्रतिनिधीने. मंडळाची वस्तू प्रचारात वापरायची असेल तर ती लेखी द्यायची, किंमत लावून. आता मंडळाची खजिनदार फ्लोरा आणि उमेदवाराची प्रतिनिधीही फ्लोरा. गेल्या निवडणुकीत प्रचाराच्या चहासाठी मंडळाची किटली हवी होती. फ्लोराने फ्लोराला अर्ज लिहिला. फ्लोराने तो दोन दिवस विचाराधीन ठेवला. मग उत्तर आलं, की किटली देता येईल, पण झाकण सैल असल्याची नोंद घ्यावी. ते दोन दिवस आम्ही सगळ्यांनी नळाचं पाणी प्यायलं. मी तिला म्हणालो, "अगं, स्वतःलाच उत्तर द्यायला दोन दिवस कशाला लागतात?" तर म्हणाली, "ह्यूई, ओळखीचं माणूस आहे म्हणून घाई केली, असं व्हायला नको."

तिचा नवरा आर्ची. आर्ची ब्रश. चव्वेचाळीस वर्षं तो पाट्या रंगवतो. कोऑप दुकानाची पाटी, मासळी कारखान्याची, सगळ्या बोटींची नावं, चर्चच्या दारावरची, सगळी अक्षरं त्याच्या हातची. आणि दर निवडणुकीला गावाबाहेरच्या तिठ्यावर आमच्या उमेदवाराची मोठी पाटी लागते, आठ फूट बाय बारा, ती आर्चीची. गावात लोक वर्षं त्या पाटीवरून मोजतात. माझ्या मोठ्या मुलीचा जन्म ‘निळ्या पाटीच्या वर्षी’चा, कारण त्या वेळी आर्चीने आकाशी रंग वापरला होता आणि ते कुणालाच आवडलं नव्हतं.

आता तो चौऱ्याहत्तरचा आहे. उजव्या हाताला थोडा कंप आला आहे. ऑगस्टमध्ये धक्क्यावर बसून मला म्हणाला, "ह्यूई, यंदाची तिठ्यावरची पाटी रंगवतो आणि मग ब्रश धुऊन ठेवतो. शेवटची."

सप्टेंबरात निवडणूक लागली आणि त्याच आठवड्यात पक्षाच्या मुख्य कार्यालयातून परिपत्रक आलं. चर्चच्या तळघरात मंडळाची सभा भरली. चाळीस माणसं, मंडळाच्या खुर्च्या, रीतसर भाड्याने. फ्लोराने चष्मा लावून वाचून दाखवलं.

"‘ज्याचा जो धंदा आहे ते काम त्याने प्रचारात फुकट करू नये. अशा कामाला बाजारभाव असतो, ते फुकट घेतलं की देणगीत मोजावं लागतं आणि हिशेबात घोळ होतात. यापुढे असं काम पैसे देऊन, पावती घेऊनच करून घ्यावं. अन्यथा ज्याचा तो धंदा नाही अशा स्वयंसेवकाला द्यावं.’"

मग एफी उठली. एफीची बेकरी आहे आणि आमचे सगळे प्रचार तिच्या ओटकेकवर चालत आलेले आहेत.

"म्हणजे काय गं?"

"म्हणजे तू प्रचारासाठी काही भाजायचं नाहीस."

"मग कोण भाजणार?"

"ज्याला येत नाही तो."

"आणि मी काय करू?"

"तुला जे येत नाही ते."

पैसे देऊन कामं घ्यावीत तर गंगाजळी यथातथाच. कचेरीचं भाडं, पत्रकं आणि रेडिओवरच्या दोन जाहिराती यांत ती संपत होती. तेव्हा वाटण्या झाल्या. लग्नांत व्हायोलिन वाजवणाऱ्या बडीने गाडी चालवायची आणि टॅक्सीवाल्या रोडीने सभेत व्हायोलिन वाजवायचं. मी सँडविच करायची. प्रचार कचेरीतले नळ निवृत्त भूगोलाच्या बाईंनी बघायचे.

तेवढ्यात मागच्या रांगेतून आर्चीचा आवाज आला. "आणि तिठ्यावरची पाटी?"

सगळ्यांनी माना वळवल्या. फ्लोराने वर न बघता सांगितलं, "आर्ची बीटन हा व्यावसायिक पेंटर आहे. त्याचं काम फुकटात घेता येणार नाही."

आर्ची खुर्चीत जरा ताठ बसलेला मी पाहिला. मला वाटलं, रागाने. मग तो "नियम म्हणजे नियम" एवढंच म्हणाला आणि टोपी विसरून निघून गेला. मला फ्लोराचा असा संताप आला म्हणून सांगू! नवऱ्याची शेवटची पाटी, आणि ही बया परिपत्रकातून मान वर काढायला तयार नाही. पाटी एफीला मिळाली.

आमची उमेदवार मॅरी गिलिस, वय चौतीस, जनावरांची डॉक्टर. गुणी मुलगी. गाईच्या पोटात खांद्यापर्यंत हात घालते, पण फ्लोरासमोर खुर्चीच्या कडेवर बसते. प्रचार कचेरी आम्ही एका बंद पडलेल्या केशकर्तनालयात थाटली होती. तिथे डोकी धुवायची तीन बेसिनं, आणि तिन्हींचे नळ गळत होते. मी त्यांच्यापासून चार फुटांवर बसून पावाला लोणी लावत होतो. टप, टप, टप. माणसाचा छळ म्हणतात तो हाच. एक साधा वॉशर बदलायचा, तीन मिनिटांचं काम!

"हात लावू नकोस," फ्लोरा म्हणाली.

"अगं, मी नुसतं बघतोय!"

"बघण्याचेही तू पैसे घेतोस. मागच्या वर्षी माझ्याकडून घेतलेस."

भूगोलाच्या बाई आल्या. त्यांनी नळाकडे बघून पाण्याच्या प्रवाहाविषयी दोन वाक्यं सांगितली, पान्याने उलटीकडे पिळलं, आणि नळ हातात आला. पाणी छतापर्यंत गेलं. आठशे पत्रकांचा लगदा झाला. मला मुख्य चावी कुठे आहे ते माहीत होतं, पण फ्लोराचा हात माझ्या खांद्यावर होता. मी बाईंना सांगितलं, "बाई, तुमच्या ईशान्येला, खाली." त्यांनी बरोबर बंद केली. सल्ला फुकट दिला म्हणून मला लेखी ताकीद मिळाली ती वेगळी.

आर्चीलाही सँडविचच्या टेबलावर बसवलं होतं. तो मुकाट्याने अंड्याचं सारण भरत असे. तिसऱ्या दिवशी त्याने मोहरीच्या चटणीची बाटली घेतली आणि प्रत्येक पावावर आत काय आहे ते लिहायला सुरुवात केली. ‘अंडं’. ‘हॅम’. ‘ट्यूना’. काय अक्षर होतं! वळणं, जाड-बारीक रेघा, हॅमच्या शेवटच्या अक्षराला खाली डौलदार शेपूट. लोक सँडविच घेऊन नुसते बघत उभे राहायचे. म्हातारी सॅडी मॅकडॉनल्ड ‘ट्यूना’ घरी घेऊन गेली आणि कपाटावर ठेवला. चौथ्या दिवशी तिच्या घरात कुणाला बसवेना.

फ्लोराने बाटली काढून घेतली. "आर्ची, हे पाटीलेखन आहे."

"ही मोहरी आहे."

"मोहरीतलं पाटीलेखन."

आर्चीने हात पुसले. त्या दिवसापासून तो कचेरीत आला नाही.

इकडे एफीची पाटी तयार झाली. एफीचा हात केकवर बसलेला. तिने आयुष्यात जे काही लिहिलं ते साखरेने, त्यामुळे पाटीवरही तिने कडेने गुलाबी फुलं काढली. मॅरीचं पहिलं नाव एवढं मोठं घेतलं, की गिलिसमधल्या शेवटच्या अक्षराला जागा उरली नाही. ते वर चढवून एका फुलाच्या मागे बसवलं. तळाला फ्लोराची ओळ लिहायची होती, तिथे रंग ओघळला आणि ‘परवानगी’चं काय झालं ते विचारू नका. विरोधी पक्षाची माणसं तिठ्यावर गाड्या थांबवून फोटो काढायला लागली. एकाने खिडकीतून ओरडून विचारलं, "वाढदिवस कितवा?"

मॅरी मला म्हणाली, "ह्यूईकाका, मला एफीबाईंना दुखवायचं नाही. पण काल एका शेतकऱ्याने मला विचारलं, डॉक्टरकी सोडून बेकरी काढली का."

एफी स्वतः आधीच रडून मोकळी झाली होती. "मी सांगितलं होतं ना फ्लोराला! मला येत नाही म्हणूनच मला दिलं!"

सगळ्यात वाईट आर्चीचं. त्याचं दुकान गावाच्या त्या टोकाला. घरापासून जायचा रस्ता तिठ्यावरून. तर तो आता किनाऱ्याकडून जायला लागला, दीड मैल जास्त. चौऱ्याहत्तराव्या वर्षी, गुडघे धरून. ती पाटी दिसू नये म्हणून.

मतदानाला दोन आठवडे उरले असताना आर्चीच्या दुकानातलं बेसिन तुंबलं. मला बोलावणं आलं. हे प्रचाराचं काम नव्हतं, धंद्याचं होतं, त्यामुळे कधी एकदा नळाला हात लावतो असं झालेलं. खालचा पाइप उघडला तर आत नुसता रंग. पांढरा, लाल, काळा, थरावर थर.

"चांगलं काम चाललेलं दिसतंय," मी म्हणालो.

"सीझन आहे," आर्ची म्हणाला आणि पाइपचा कचरा टाकायला बाहेर गेला.

मी पुसायला फडकं शोधत होतो. टेबलावर ऑर्डरची वही उघडी होती. शेवटची नोंद कोऑपची, ‘ईस्टरनिमित्त हॅमवर सवलत’. तारीख बघितली. तीन वर्षांपूर्वीची. त्यानंतर पान कोरं, पुढचं कोरं, सगळी वही कोरी. अर्थात, आता लोक शहरातून छापील प्लॅस्टिकच्या पाट्या आणतात, स्वस्तात, दोन दिवसांत; माझ्या गाडीवरची पाटीसुद्धा तसलीच आहे. हे लिहिताना मला लाज वाटते. भिंतीशी एक फळी उभी होती, त्यावर सुंदर अक्षरांत ‘दुकान उघडं आहे’. उचलायला गेलो तर उचलेना. रंगाच्या थरांनी ती बोटभर जाड झाली होती. एकाच फळीवर तो रोज लिहीत होता, पांढरा मारत होता आणि पुन्हा लिहीत होता. दुकान उघडं आहे. तीन वर्षं, सकाळी आठ ते पाच.

मला भडभडून आलं. पण मी नळवाला माणूस. आधी गळती कुठे आहे ते बघतो. आणि एकदम डोक्यात प्रकाश पडला. परिपत्रक काय म्हणतं? ‘ज्याचा जो धंदा आहे’. आर्चीचा धंदा कुठे आहे? तीन वर्षांत एक गिऱ्हाईक नाही! म्हणजे तो व्यावसायिक नाही. म्हणजे तो फुकट रंगवू शकतो!

मी पान्यासकट फ्लोराच्या स्वयंपाकघरात शिरलो. ती चावडरसाठी, म्हणजे माशांच्या दाट सुपासाठी, बटाटे चिरत होती. मी धाप लागेपर्यंत सगळं सांगितलं, वहीची तारीखसुद्धा. वर म्हणालो, "बघ! तुझ्याच नियमाने तुला पकडलं. आज बावीस वर्षांनी."

फ्लोराने सुरी खाली ठेवली. उठून दार लावलं.

"ह्यूई, त्याचा कराचा कागद दर एप्रिलमध्ये कोण भरतं?"

मी पाना टेबलावर ठेवला.

"तीन वर्षं मी ‘धंद्यातलं उत्पन्न’च्या पुढे शून्य लिहितेय. तो सही करतो, कागद न वाचता. रोज पावणेआठला डबा घेऊन निघतो. मी डबा भरते. दुकानात कुणी आलं होतं का, असं मी विचारत नाही. म्हणजे त्याला खोटं बोलावं लागत नाही."

"मग सभेत का नाही सांगितलंस? एका वाक्याचं काम होतं!"

"कुठलं वाक्य?" ती माझ्यावर उसळली. फ्लोराचा आवाज चढलेला मी त्याआधी ऐकला नव्हता. "चाळीस माणसांसमोर सांगू, की माझ्या नवऱ्याला आता धंदा उरला नाही, सबब त्याला फुकट राबवायला हरकत नाही? ते परिपत्रक आलं तेव्हा मला वाटलं, देवाने धाडलं. सगळ्या गावासमोर मी त्याला व्यावसायिक म्हणू शकले. नियमाने! त्या दिवशी घरी येऊन दोन वाट्या जेवला तो."

"पण तो तिठ्यावरून जात नाही गं आता."

"माहीत आहे," ती म्हणाली. "त्याचे बूट मीच पुसते. किनाऱ्याची वाळू असते त्यांना."

फ्लोरा परवानगीच्या डोळ्यांत पाणी बघणं मला फार जड गेलं. काय करावं न सुचून मी तिच्या बेसिनखाली वाकून नळ तपासला. ठीक होता. तिथूनच म्हणालो, "फ्लोरा, मला कुणी व्यावसायिक-बिवसायिक म्हणत नाही. काम केलं की पैसे देतात. त्यालाही दे की."

"स्वतःच्या नवऱ्याला? प्रचाराच्या पैशातून?"

"पुस्तकात नाही म्हटलंय का?"

तिने खिशातून पुस्तिका काढली. वीस मिनिटं वाचली. बटाटे काळे पडले. मग म्हणाली, "दुसऱ्या कुणाचा तरी भाव मागवावा लागेल. निर्णयावर सही मॅरीची हवी, माझी नाही. आणि रेडिओची एक जाहिरात रद्द करावी लागेल." थांबून म्हणाली, "आणि तू यातलं कुणाजवळ बोललास तर तुझं ते मागच्या वर्षीचं बिल मी गावभर वाचून दाखवीन."

सोमवारी आर्चीला टपालाने पत्र गेलं. एकाच घरातून निघालं, तीस मैलांवरच्या टपाल-वर्गवारी केंद्रात जाऊन बुधवारी त्याच घरात परत आलं. ‘महाशय, आठ फूट बाय बारा फुटांच्या एका पाटीसाठी आपला दर कळवावा.’ शहरातल्या छापखान्याने चारशे दहा डॉलर सांगितले होते. आर्चीने सोनेरी शाईत चारशे साठ लिहून दिले.

गुरुवारी मला नाश्त्याला साक्षीदार म्हणून बोलावलं. मॅरीही होती, खुर्चीच्या कडेवर. टेबलाच्या एका बाजूला फ्लोरा, दुसऱ्या बाजूला आर्ची, मध्ये ओटकेक.

"तुमचा दर जास्त आहे," फ्लोरा म्हणाली.

"हाताचं काम आहे, बाई. छापखान्याचं नाही."

"तीनशे पन्नास."

"तीनशे पन्नासात मी ‘मॅरी’ लिहीन. ‘गिलिस’साठी दुसरा माणूस बघा."

"रंग कुणाचा?"

"माझा. दोन हात पांढरा, वर तेलरंग. आणि लोणी इकडे द्या."

"तीनशे ऐंशी. लोणी संपलं की तुम्हीच आणायचं."

मॅरी घाबरून एकदा याच्याकडे, एकदा तिच्याकडे बघत होती. तिला वाटलं भांडण आहे. भांडण कसलं! आर्चीचे कान लाल झाले होते, डोळे चमकत होते. तीनशे पंचाण्णववर सौदा पटला. मॅरीने सही केली. दुपारी आर्ची कोऑपमध्ये जो भेटेल त्याला सांगत होता, "पासष्ट डॉलर कापले माझे! अरे, मी एवढा पेंटर, आणि ही बाई हाडाची कंजूष! असल्या गिऱ्हाइकाशी धंदा करायचा म्हणजे..." तीन वर्षांत तो इतका खूश दिसला नव्हता. जाताना तिठ्यावरून गेला.

शनिवारी, एफीची पाटी उतरवून, त्याने तिठ्यावरच नवी पाटी रंगवली. ऊन स्वच्छ होतं, वारा पडला होता. लोक घरून खुर्च्या घेऊन आले. एफीने ओटकेकचं ताट आणलं. ती ते विकत होती, त्यामुळे नियमात बसत होतं. आर्ची शिडीवर चढला तेव्हा हात थरथरत होता. मी शिडी धरली होती. शिडी धरणं माझा धंदा नाही, हे मी आधी विचारून घेतलं. ब्रश लाकडाला टेकला आणि थरथर थांबली. कुठे गेली देव जाणे. एकेक अक्षर उतरायला लागलं तशा लोकांनी खुर्च्या पुढे ओढल्या. विरोधी पक्षाची एक गाडी थांबली. आतल्या माणसाने फोटोसाठी फोन काढला आणि मग खाली उतरून फोन खिशात ठेवून नुसता उभा राहिला.

चार वाजता तो तळाच्या ओळीवर आला. फ्लोरा पट्टी घेऊन उभी. ओळ पुरेशी मोठी आहे की नाही ते मोजायला. आर्ची गुडघे टेकून लिहीत होता. ‘अधिकृत प्रतिनिधी फ्लोरा बीटन यांच्या परवानगीने’. किती निवडणुका त्याने ती ओळ लिहिली, आणि आमचं लक्ष नेहमी वरच्या नावाकडे. त्या दिवशी मी पहिल्यांदा नीट बघितली. वरच्या सगळ्या अक्षरांपेक्षा ती ओळ देखणी होती. आणि लिहून झाल्यावर, ‘फ्लोरा बीटन’च्या खाली त्याने एका दमात एक वेलबुट्टी काढली, वीतभर, शेवटी एक बारीकसं पान.

फ्लोरा पुढे झाली. "हे सौद्यात नव्हतं."

"नव्हतं," आर्ची म्हणाला.

"याचे पैसे किती?"

"काही नाही. हे फुकट."

"व्यावसायिकाचं काम फुकट घेता येत नाही, आर्ची."

"मग पुसतो." त्याने खिशातून फडकं काढलं.

फ्लोराचा हात स्वेटरच्या खिशावर गेला, पुस्तिकेवर. तिने ती काढली नाही. आर्चीने फडकं ओल्या रंगाजवळ नेलं.

"राहू दे," फ्लोरा म्हणाली.

मॅरी एकशे बारा मतांनी पडली. पाटी उतरवली. मुदतीच्या एक दिवस आधी फ्लोराने निवडणूक कचेरीला पाठवायचे कागद तयार केले आणि साक्षीसाठी मला बोलावलं. पत्रकं, भाडं, रेडिओची एक जाहिरात, किटली, पाटी तीनशे पंचाण्णव. सगळ्यात शेवटी, तिच्या सरळ हस्ताक्षरात, वेगळी ओळ होती:

‘पाटीवर, माझ्या नावाखाली, वेलबुट्टी एक, पानासह. काढणाऱ्याचा धंदा: पाट्या रंगवणे. मोबदला: नाही. बाजारभाव: ठरवता आला नाही.’

मी चष्मा काढून पुसला आणि सही केली.